पूर्ण प्रत

आदर्श गेला आणि त्याची खुर्ची पारमिताला मिळाली. तिनं ती मागितली नव्हती. बेळगावच्या खासबागेत एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. तिथलं खिडकीजवळचं टेबल आदर्शचं. संकेश्वरच्या एका दवाखान्यातलं काम आटपून तो मोटरसायकलवरून परतत होता. काकतीच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही. दिवस मावळतीला टेकलेला. त्याला ती दिसलीच नाही.

दिवसकार्याला ऑफिसातले सगळे उचगावला त्याच्या घरी जाऊन आले. मग साईराज सरांनी पारमिताला हाक मारली. साईराज कंपनीचे मालक. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून गावाकडं परतलेले, स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे, पगार वेळेवर देणारे. म्हणाले, "तू तिकडं बस आता. त्याचं काम तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही."

त्याचं काम म्हणजे लायब्ररी. आदर्शचे वडील मारुतीराव गावात अभिमानानं सांगायचे, आमचा पोरगा लायब्ररी बांधतोय. लोक विचारायचे, कुठल्या गल्लीत? पुस्तकं किती हायत? आदर्श हे ऑफिसात सांगून स्वतःच हसायचा. पुस्तकांशी त्या लायब्ररीचा काही संबंध नव्हता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पुन्हा पुन्हा लागणारी कामं एकदाच नीट लिहून ठेवायची आणि बाकीच्या प्रोग्रॅमांनी ती उचलून वापरायची, अशा साठ्याला लायब्ररी म्हणतात. आदर्शच्या लायब्ररीकडं काम एकच होतं, डॉक्युमेंट सांभाळायचं.

दवाखान्यातला प्रत्येक पेशंट म्हणजे लायब्ररीच्या लेखी एक डॉक्युमेंट. कागदासारखं सपाट नव्हे, झाडासारखं. खोडावर नाव आणि नंबर. त्याला फांद्या, एक पत्त्याची, एक बिलांची, एक आजारपणाची. आजारपणाच्या फांदीला पुन्हा डहाळ्या, आत्ताचं दुखणं, चालू औषधं, जुना इतिहास. कुठलं औषध माणसाला बाधतं, हे त्या जुन्या इतिहासात. लायब्ररी हवी ती फांदी शोधून द्यायची, नवी जोडायची, नको ती छाटायची आणि सांगाल तेव्हा अख्ख्या झाडाची प्रत काढून द्यायची.

बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात ही प्रत रोज लागायची. विम्याच्या कंपनीला पाठवायच्या कागदात पेशंटचा जुना इतिहास नको, असं दवाखान्याचं म्हणणं. मग पेशंट घरी निघाला की त्याच्या डॉक्युमेंटची प्रत काढायची, प्रतीतली इतिहासाची डहाळी छाटायची आणि ती पाठवून द्यायची. आदर्शनं तिथं पूर्ण प्रत घेतली होती. खोड नवं, फांद्या नव्या, शेवटच्या पानापर्यंत सगळं नवं. तिला वेळ लागायचा. वरवरची प्रत झटक्यात झाली असती, कारण तिच्यात खोड तेवढं नवं असतं, फांद्या मूळ झाडाच्याच राहतात. बघणाऱ्याला दोन झाडं दिसतात, पण फांद्या सामाईक. इकडच्या फांदीवरची डहाळी कापली की तिकडचीही जाते.

आदर्श जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. दवाखान्यातून तक्रारी यायला लागल्या. बिलाच्या खिडकीवर स्क्रीन अडकतो, पेशंटचे नातेवाईक आरडाओरडा करतात. साईराज सरांनी स्वतः बसून शोध घेतला आणि पूर्ण प्रतीच्या जागी वरवरची प्रत टाकली. ऑफिसचा नियम असा की एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचून होकार दिल्याशिवाय पुढं जात नाही. होकार पारमिताचा लागत होता.

शनिवारची दुपार होती. निपाणीला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं आणि बस गाठायची होती. पिशवी खांद्याला लावूनच तिनं स्क्रीन उघडला. काढून टाकलेल्या ओळी तांबड्या रंगात दिसत होत्या. त्यांत आदर्शची एक टीप होती. तो टिपा मराठीत लिहायचा, त्यावरून सगळे त्याची चेष्टा करायचे. लिहिलं होतं, 'इथं पूर्ण प्रतच घ्यायची. वरवरची घेतली तर मूळ झाड छाटलं जाईल.'

पारमितानं ती वाचली. नीट वाचली. मनात आलं, सरांनी स्वतः केलंय म्हणजे बघूनच केलं असेल. चाचण्याही सगळ्या हिरव्या दाखवत होत्या. त्या चाचण्या फक्त प्रतीत इतिहास नाही ना एवढंच तपासायच्या. मुळात तो उरलाय का, हे तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिनं होकाराचं बटण दाबलं आणि जिना उतरली. बस मिळाली.

* * *

उचगावच्या नागुबाईला पावसाळ्यात छातीत कफ झाला. गावातल्या डॉक्टरानं मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. कुठल्या, असा प्रश्न पडला तेव्हा शेजारचे मारुतीराव म्हणाले, "तिकडंच न्ह्या. तितलं कॉम्प्युटरचं समदं आमच्या आदर्शनं केलंय." पोरगा जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्याचं नाव कुठंतरी चालू आहे, हे म्हाताऱ्याला सांगायला बरं वाटायचं.

तिथं नागुबाईला एक इंजेक्शन दिलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागेना. डॉक्टर प्रियदर्शनी ड्युटीवर होत्या, त्यांनी धावपळ करून तिला वाचवलं. मुलगा शामू तिथंच उभा होता. त्याला त्यांनी बजावून सांगितलं, हे औषध आईला पुन्हा कधी द्यायचं नाही. आणि स्वतःच्या हातानं ते डॉक्युमेंटमध्ये टाईप केलं. आठवड्यानं म्हातारी बरी होऊन घरी गेली. बिल झालं, विम्याचा कागद गेला.

पुढं थंडीत रताळी काढताना तिच्या पायाला खुरपं लागलं. दोन दिवसांत पाय टम्म सुजला, ताप डोक्यात गेला, माणूस ओळखेना. शामू उद्यमबागेत लेथवर कामाला, त्या दिवशी त्याची सकाळपाळी. सुनेनं रिक्षा करून सासूला त्याच दवाखान्यात आणलं. नर्सनं विचारलं, कुठलं औषध बाधतं का? मागच्या खेपेला बाळंतपणासाठी माहेरी असलेल्या त्या पोरीला काय ठाऊक? नर्सनं स्क्रीनवर बघितलं. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी तेच इंजेक्शन दिलं.

शामू पाळी संपवून धावत आला तेव्हा आईला पांढऱ्या कापडात गुंडाळत होते.

* * *

डॉक्टर प्रियदर्शनींचा फोन ऑफिसात आला. "मी माझ्या हातानं लिहिलंय. मला पक्कं आठवतंय. कुठं गेलं ते?"

साईराज सरांनी पारमिताला बघायला सांगितलं. तिनं नागुबाईचं डॉक्युमेंट उघडलं. खोड होतं, पत्ता होता, बिलं होती. आजारपणाची फांदी होती. तिच्यावर इतिहासाची डहाळीच नव्हती. कुणी माहिती पुसली असती तर रिकामी जागा तरी दिसली असती. इथं जागाच नव्हती.

तिनं एक खोटा पेशंट तयार केला. त्याच्या इतिहासात काहीबाही भरलं, प्रत काढली, प्रतीतली डहाळी छाटली आणि मूळ झाड पुन्हा उघडलं. गेलेली. खिडकी बंद झाली की मूळ डॉक्युमेंट तसंच्या तसं साठवलं जायचं, म्हणजे कापलेलंच कायम व्हायचं. मग कोणत्या ओळीत कुणी काय बदललं त्याची नोंद उघडली. बदल साईराज. होकार पारमिता.

तिनं सरांच्या केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं. साईराजांचा चेहरा पडला. काही वेळ ते कपाळाला हात लावून बसले, तेव्हा पारमिताला त्यांची कीवही आली. मग त्यांनी लॅपटॉप ओढला आणि अर्ध्या तासात पूर्ण प्रत परत जागेवर आणली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याकडं जायचा खुलासा त्यांनी तिला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, संबंधित भाग आमचे दिवंगत सहकारी आदर्श यांनी लिहिला होता, त्यात एक त्रुटी राहून गेली होती, ती आता दुरुस्त केली आहे.

"सर, हे खरं नाहीये," पारमिता म्हणाली. "त्यानं बरोबर लिहिलं होतं. टीपसुद्धा लिहिली होती."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? त्याला आता कोण काय करणार आहे? ना नोकरी जाणार, ना पोलीस बोलावणार. तुझं-माझं नाव गेलं तर हे ऑफिस उद्या बंद. इथं बसलेत त्यांची घरं कोण चालवणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझा होकार आहे त्यावर, पारमिता. मी तुलाही वाचवतोय."

"आणि बाकीचे पेशंट? विम्याचा कागद गेला त्या सगळ्यांचा इतिहास गेलाय, सर."

"बॅकअप आहेत की."

"बॅकअप महिनाभराचेच ठेवतो आपण. आधीचं कुठून आणायचं?"

"बघू हळूहळू. घरोघर फोन करायला लागलो तर आपणच ओरडून सांगितल्यासारखं होईल."

ती बाहेर येऊन आदर्शच्या खुर्चीवर बसली. त्या दिवशी तिनं आणखी काही विचारलं नाही.

* * *

पुढच्याच आठवड्यात मारुतीराव ऑफिसात आले. धोतर, कोट, डोक्याला पांढरी टोपी. माडीचा जिना चढून दम लागला होता. त्यांना बघून सगळ्यांच्या माना टेबलात गेल्या. पारमिता उठली, खुर्ची दिली, चहा मागवून स्वतः त्यांच्या हातात दिला.

साईराज केबिनमधून बाहेर आले. मारुतीराव उभे राहायला लागले, तसं सरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"साहेब, एक विचाराय आलतो," मारुतीराव म्हणाले. "दवाखान्यात गेल्तो. तितं म्हनत्यात, माज्या पोराच्या चुकीनं नागुबाय गेली. खरं हाय का ह्ये?"

साईराज शेजारची खुर्ची ओढून बसले. "काका, चूक कुणाच्याही हातून होते. त्यानं मुद्दाम थोडंच केलं?"

"न्हाय, मुद्दाम न्हायच करनार तो." म्हातारा चहाकडं बघत बसला. "मीच म्हन्लं हुतं तितं न्ह्या म्हनून. शामूच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून आलोय. त्यानं दारातनंच परत लावलं. त्येचं बी बरोबर हाय." मग म्हणाले, "गावच्या मंडळात फोटो लावलाता पोराचा. त्यो काडून घरला आनलाय. लोकांनी काडायच्या आदी आपनच काडल्याला बरा."

पारमिता दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या जिभेवर शब्द आले होते. साईराजांनी तिच्याकडं एकदाच बघितलं. मारुतीरावांनी कप खाली ठेवला, दोघांनाही हात जोडले आणि भिंतीला धरत धरत जिना उतरले.

रविवारी निपाणीत तिनं आईला सगळं सांगितलं. पारूबाईचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं. अजून पावसाळी हवा पडली की तिला खोकला यायचा. शिकलेली पोरगी बेळगावात खुर्चीवर बसून काम करते, हे ती चारचौघींत सांगत नसे, दृष्ट लागेल म्हणून. सगळं ऐकून तिनं पदर खोचला.

"गप ऱ्हा गं," ती म्हणाली. "त्यांच्या पोरानं चुकलं तर लोक म्हनत्यात, चुकलं. आपल्या पोरीनं चुकलं की जात काडत्यात. तुला ठावं न्हाय का ह्ये?"

"ठावं हाय, आई."

"मग?"

"त्या बाप्यानं माझ्या हातचा चहा पिला आणि मला हात जोडून गेला."

जेवायला वाढलं तेव्हा पारूबाईनं पोरीकडं बघितलं नाही. सकाळी बसस्टँडवर मात्र पिशवी धरायला ती बरोबर आली.

* * *

पारमितानं बेळगावात उतरून ऑफिस गाठलं नाही, थेट दवाखाना गाठला. फाटकावरचा शिपाई कन्नडमध्ये 'बर्री, बर्री' म्हणत लोकांना आत घेत होता. डॉक्टर प्रियदर्शनींना भेटायला दुपार झाली. कँटीनच्या कोपऱ्यात बसून तिनं त्यांना सगळं सांगितलं. काय बदललं, कुणी बदललं, कुणी होकार दिला. आणि मुख्य म्हणजे, विम्याचा कागद गेलेल्या प्रत्येक पेशंटचा इतिहास नाहीसा झालाय, तो आज कुणी बघायला गेलं तर काहीच बाधत नाही असंच दिसेल.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे आत्ता या क्षणी वर वॉर्डात जे पडलेत त्यांतलेही?"

"हो."

त्या तशाच उठल्या आणि पळत गेल्या. पारमिता उसळ निवत चाललेल्या ताटासमोर बसून राहिली. तिथूनच तिनं साईराज सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस," आणि फोन ठेवला.

उचगावची बस भरलेली होती. ती उतरली तेव्हा ऊन कललं होतं. मारुतीराव गोठ्यापुढं बसून म्हशीला वैरण तोडत होते. त्यांनी तिला ओळखलं, घोंगडं झटकून अंथरलं, आत बघून पाणी आणायला सांगितलं. पारमिता बसली नाही.

"काका, आदर्शची चूक नव्हती."

विळा थांबला.

तिनं सांगितलं. झाड, फांद्या, प्रत, सगळं जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती थांबल्यावर मारुतीराव म्हणाले, "त्यानं काय लिवलंतं, परत सांग."

"इथं पूर्ण प्रतच घ्यायची. वरवरची घेतली तर मूळ झाड छाटलं जाईल."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. ते वाक्य ते स्वतःशी म्हणून बघत होते. दोनदा म्हणून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्ये खोडलं कुनी?"

"सरांनी. आणि मी बघितलं. वाचलं, आणि हो म्हटलं. मला बस गाठायची होती."

म्हशीनं तोंड पुढं केलं, त्यांनी हातातली पेंडी तिच्यापुढं टाकली.

"मी तितं आलतो, तवा तू चा दिलास मला."

"व्हय."

"तवा ठावं हुतं तुला."

"व्हय, काका."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर पारमिताला सोसलं असतं. ते उठले, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, खुंटीवरची टोपी डोक्याला घातली. "चल. शामूला सांग. माज्यासमोर सांग."

* * *

शामूचं घर दोन घरं सोडून. तो कामावरून नुकताच आला होता, हाताला अजून ग्रीसचा वास. दारात मारुतीरावांना बघून त्याचं तोंड आवळलं. म्हातारा उंबऱ्याच्या बाहेरच थांबला आणि पारमिताला पुढं केलं. आत दोरीला टांगलेल्या झोळीत तान्हं पोर झोपलं होतं. बायको झोका द्यायची थांबली.

पारमितानं तिथंही तेच सांगितलं. या खेपेला झाड, फांद्या असलं काही तिच्या तोंडातून निघेना.

शामूनं ऐकून घेतलं. "म्हंजे आईला त्ये औषध बाधतंय, ह्ये लिवल्यालं हुतं?"

"डॉक्टरांनी लिहिलं होतं."

"आनि तुमी पुसलं."

"हो."

तो खाली बसला. "कारखान्यात आत मोबाईल चालत न्हाय. लॉकरमदी ठेवाय लागतो. हिनं किती फोन लावलीती. मला एकट्याला ठावं हुतं, आनि मी लेथवर हुतो. इतकं दिवस मी म्हनतोय, आई मीच मारली. ही रडाय लागली, माजंच चुकलं म्हनून, तर तिला बी म्हन्लं, व्हय, तुजं बी चुकलं." बायकोनं तोंडाला पदर लावला. "आनि आता तू यून सांगालीस, दुसऱ्यानंच मारली. ह्येचं मी काय करू?"

झोळीतलं पोर चुळबुळलं, बायकोनं पुन्हा झोका दिला.

त्यानं मान वर करून दाराकडं बघितलं. मारुतीराव अजून बाहेरच उभे होते. "आप्पा, तुमाला मी भाईर काडलं."

"असू दे," मारुतीराव म्हणाले.

"आत या."

ते आत आले, पण भिंतीकडेला बसले आणि कुणाकडंच बघेनात. पारमिताला कुणी बस म्हटलं नाही. शामूनं तिला विचारलं, "ह्ये कोर्टात सांगशील?"

"सांगीन."

"तुजं बी नाव घालनार मी."

"घाला."

"जा मग आता."

ती निघाली. स्टँडपर्यंत मारुतीराव पोचवायला येतील असं तिला कुठंतरी वाटलं होतं. कुणी आलं नाही.

* * *

त्यानंतर जे झालं त्यात बरं फार थोडं होतं. दवाखान्यानं डॉक्टर प्रियदर्शनींच्या आग्रहानं पेशंटांना फोन लावले. बहुतेकांनी आपल्याला काय बाधतं ते पुन्हा सांगितलं, काहींना आठवेना. एका घरी फोन उचलणाऱ्या बाईनं सांगितलं की आमचा माणूस मागच्याच महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात वारला. कशानं, ते तिलाही माहीत नव्हतं, आणि विचारणाऱ्यांनाही पुढं विचारायचा धीर झाला नाही.

दवाखान्यानं लोकांना दिलेला खुलासा बदलला. आदर्शचं नाव त्यातून काढलं. त्या जागी दुसरं कुणाचं घातलं नाही, नुसतं 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं. साईराजांनी वकिलाकडून पारमिताला नोटीस पाठवली, कंपनीची गुपितं बाहेर सांगितल्याबद्दल. बदलांच्या जुन्या नोंदी त्यांनी ऑफिसातल्या मशीनवरून काढून टाकल्या, पण त्या नोंदींसकट लायब्ररीची एक प्रत नेहमीप्रमाणं तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होतीच. ऑफिस बंद पडलं नाही. दोन दवाखाने सोडून गेले, बाकीचे राहिले.

पारमिताला बेळगावात दुसरं काम मिळेना. मुलाखतीला बोलवायचे, नाव ऐकून कोणीतरी आत जाऊन यायचं आणि मग कळवतो म्हणायचे. ओळखीच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, आरक्षणातून आलेल्यांकडून दुसरी काय अपेक्षा. होकाराच्या वर ज्याचं नाव होतं त्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. तिनं ते आईला दाखवलं नाही. पारूबाईला ते कुणीतरी दाखवलंच. ती भाकऱ्या थापत राहिली, गरजेपेक्षा जास्त थापल्या.

ग्राहक न्यायालयात पहिली तारीख उन्हाळ्यात लागली. शामूनं दवाखान्यावर, कंपनीवर आणि पारमितावर दावा लावला होता. ती निपाणीहून पहाटेच्या बसनं आली. बाकावर एका टोकाला शामू, त्याच्या शेजारी मारुतीराव. दुसऱ्या टोकाला ती. साईराज आले नव्हते, त्यांचा वकील आला होता. त्यानं मुदत मागितली. कागद अजून मिळाले नाहीत म्हणाला. पुढची तारीख पडली. सगळं इतकं लवकर आटपलं की पारमितानं आणलेला लॅपटॉप पिशवीतून बाहेरही निघाला नाही.

आवारात पिंपळाखाली लोक घोळक्यानं उभे होते. मारुतीराव तिच्यासमोरून गेले. नजर तिच्यावर पडली, थांबली आणि पुढं गेली. शामू मात्र फाटकापर्यंत जाऊन परत आला.

"फुडल्या तारखेला येनार न्हवं?"

"येणार."

"पळशील म्हनून विचारलं."

"नाही पळणार."

त्यानं खिशातून मोबाईल काढून पाळीची वेळ बघितली आणि म्हाताऱ्याच्या मागोमाग गेला. पारमिता बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागली.